अकरा लाल दिवे

१

मंगळू आगिवले मेला तो घोणस चावून. पण कातळपाड्यात घोणशीचं नाव कुणी घेत नव्हतं. जो तो पेटीचं नाव घेत होता.

गेल्या वर्षीच्या नव्या तापानंतर पाड्यातल्या बत्तीसही घरांत सरकारनं एकेक पेटी दिली होती. साबणाच्या वडीएवढी, पांढरी. दर सोमवारी सकाळी घरातल्या एकानं, पाळीपाळीनं, कागदाची पट्टी जिभेखाली धरायची आणि पेटीच्या फटीत सरकवायची. दहा मिनिटांत दिवा लागायचा. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे ताप. निकाल पेटीच परस्पर शहापूरला कळवायची. एका सकाळी तीनपेक्षा जास्त दिवे लाल झाले, तर पाडा दहा दिवस बंद.

या सोमवारी अकरा लाल झाले.

हुकूम निघायच्या आधीच खालच्या उंबरगोठण गावानं पाड्याच्या वाटेवर बांबू आडवा बांधला. मंगळवारी दुपारी लाकडं गोळा करताना म्हाताऱ्या मंगळूच्या पायाला घोणस डसली. त्याचा मुलगा भगीरथ त्याला झोळीत घालून खाली घेऊन आला, तर बांबूपाशी गाव उभं. सरकारी गाडी आल्याशिवाय लाल घरातला माणूस गावातून जाऊ देणार नाही, म्हणाले. गाडी यायला दीड तास लागला. तोवर मंगळू ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्याला टेकून संपला होता.

त्याचं घर लाल घरांपैकी, म्हणून त्याची तपासणी झाली. अंगात ताप-बीप काही नव्हता. हे कळलं तसं बुधवारी पाड्यानं बत्तीसही पेट्या ओढ्यात नेऊन दगडांनी फोडल्या.

शुक्रवारी सकाळी शहापुरातल्या साहेबांनी प्रयोगशाळेतल्या राघो धानकेंना बोलावलं. राघो एकतीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेले गृहस्थ. माणसांशी बोलायचं म्हटलं की त्यांच्या घशाला कोरड पडे. त्यांच्या प्रत्येक अहवालाच्या शेवटी 'पुन्हा तपासणी करावी' हे वाक्य असे, म्हणून हाताखालची पोरं त्यांना पाठीमागं 'पुन्हा धानके' म्हणत.

"पेट्या बिघडवल्यात कुणीतरी," साहेब म्हणाले. "पाड्यावरची आशा सेविका, ती रखमी, सोमवारी जागेवर नव्हती. हलगर्जीपणा म्हणा, लबाडी म्हणा. माणूस मेलाय, गुन्हा दाखल करायचाय. पाच वाजेपर्यंत मला दोन ओळी हव्यात. त्यात नाव हवं. आणि तुमचं ते पुन्हा-बिन्हा नको."

राघोंनी मान हलवली. कपाटात उरलेली एक पेटी आणि पट्ट्यांचं पाकीट त्यांनी पिशवीत टाकलं. जीपमध्ये बसल्यावर पाकीट उघडून पाहिलं.

आत तीनच पट्ट्या होत्या.

२

बांबू अजून तिथंच होता. त्याच्या अलीकडं पिंपळाच्या पारावर सात-आठ जण बसलेले. मधे पांढऱ्या सदऱ्यात हर्षित विशे, गावचा उपसरपंच. किन्हवलीपासून मुरबाडच्या रस्त्यापर्यंत बंगल्यांचे प्लॉट पाडणारा माणूस. प्लॉटकडं जाणारा रस्ता पाड्याच्या वाघदेवाच्या राईतून काढायचा होता आणि पाडा ग्रामसभेत आडवा येत होता, हे राघोंना ड्रायव्हरनं वाटेतच सांगितलं होतं.

"या डॉक्टर," हर्षित बसल्या जागेवरून म्हणाला.

"मी डॉक्टर नाही. लॅबमधला."

"म्हंजे थुंकी बघणारे. बघा बघा. वर भरपूर मिळंल, तोंडावरच थुंकतील." पारावर हशा पिकला.

राघोंनी बांबूला हात लावला. वाळून तांबूस झालेला, दोन्ही टोकांना दोरीचे जुने वळ. "हा सोमवारी तोडलेला नाही," ते म्हणाले.

"नायच."

"मग सोमवारी लाल दिवे लागणार, हे तुम्हाला आधी कळलं होतं?"

हर्षितचं हसू मावळलं. "ओ थुंकीवाले, हा गेल्या सालचा बांबू हाय. समाजमंदिराच्या माळ्यावर ठेवला होता. लागतो म्हणून ठेवला होता. आमची पण पोरंबाळं हायेत. पाड्यावाल्यांनी आणायचा ताप आणि आमी मरायचं?"

"त्या दिवशी त्या म्हाताऱ्याला साप चावला होता."

"ते आमाला काय म्हाईत? लाल घर ते लाल घर."

वर्षभर माळ्यावर जपून ठेवलेला बांबू. राघोंना वाटलं, लबाडी असती तर बरं होतं. लबाडीला निदान लाज असते. ते वाकून बांबूखालून पलीकडं गेले.

मोरीच्या कठड्यावर एक बाई बसली होती. निळी-पांढरी साडी, मांडीवर रजिस्टर, कपाळावर सुकलेली खोक. रखमी पारधी. पाड्यानं तिला दगड मारून हाकललं होतं आणि गाव तिला खाली घेत नव्हतं. बुधवारपासून ती शेतातल्या मांगरात, राखणीच्या झोपडीत, झोपत होती आणि दिवसा इथं येऊन बसत होती.

"माझं नाव लिवायला आलात ना?" तिनं विचारलं.

"तुम्ही सोमवारी कुठं होतात?"

"किन्हवलीला मीटिंग. समद्या पाड्याला म्हाईत होतं, मीच आठ दिवस आधी सांगितलेलं. एरवी सोमवारी मी दारोदार उभी असते." रजिस्टर तिनं त्यांच्या हातात दिलं. "माझं काय लिवायचं ते लिवा, दादा. पण आधी भगीरथच्या घरात जा. त्याची बायको हिरी, बारा दिसांची बाळंतीण, बुधवारी खोकत होती. मला आवाज आला. मी आत शिरायला गेले तवा हा दगड बसला."

राघो थबकले. "सोमवारी त्या घरात पाळी कुणाची होती?"

"हिरीचीच."

या तापाची रीत राघोंना पाठ होती. पहिले चार दिवस नुसता खोकला. पाचव्या दिवशी तो छातीत उतरतो. त्याच्या आत औषध पोटात गेलं तर माणूस उठतो.

सोमवारपासून मोजलं, तर आज पाचवा दिवस होता.

३

पाड्याच्या तोंडाशी भगीरथ उभा होता. पंचविशीचा, काटक, डोकं भादरलेलं, हातात कोयता. मागं पाच-सहा गडी.

"पेटीवाला हाय," कुणीतरी ओरडलं. "पिशवी बघा त्याची!"

"पाणी प्यायला मिळेल का?" राघोंनी विचारलं. तहान खरोखरच लागली होती.

"गावाच्या इहिरीवर प्या. आमाला नाय भरून देत, तुमाला देतील," भगीरथ म्हणाला. "पेटीनं बाप खाल्ला माझा. आता काय न्यायला आलाय?"

"तुमच्या वडिलांना ताप नव्हता, हे माझ्याच लॅबनं सांगितलं."

"मेल्यावर सांगितलं!"

राघोंनी पिशवी जमिनीवर ठेवली. ते खाली मान घालून उभे राहिले. त्यांचं तसं उभं राहणंच कदाचित उपयोगी पडलं. मागून एक म्हातारी काठी टेकत आली. मंगळूची बायको, ठकी.

"येऊ दे रे त्याला. तुझ्या बापाची माती झाली, आता पाहुण्याची करतोस का? लई तर चार ठिकानी नाक खुपसंल आनि जाईल. काय रे बाबा?"

"हो, आजी."

"आमच्या घरात यायचा नाय," भगीरथ म्हणाला. "बाळंतिणीचं घर हाय. बाकी कुठं पण मर."

राघो वरच्या आळीत शिरले. दारं त्यांच्या तोंडावर लागत होती. एका पोरीनं कुत्रं सोडलं, त्याच्या मागोमाग आळीतली सगळी कुत्री भुंकायला लागली. शहापूरहून आणलेली यादी हातात होती. अकरापैकी दहा लाल घरं याच आळीत, सलग. पेट्यांनी पाठवलेल्या वेळा यादीत होत्या. दहा दिवे सहा दहा ते सहा पन्नास या वेळात लाल झालेले. अकरावं घर आळीच्या टोकाला, भगीरथचं. तिथला दिवा पावणेआठला.

दारं बंद असली तरी अंगणं उघडी होती, आणि राघोंना बारीक बघायची सवय होती. पहिल्या अंगणात, चुलीच्या राखेशेजारी, बोराएवढी हिरवट फळं पडली होती. काकडं. दात लावून चोखलेली, वाळून सुरकुतलेली. दुसऱ्या अंगणात तशीच. तिसऱ्यातही.

दहाही अंगणांत चोखलेली काकडं होती. भगीरथच्या अंगणात एकही नव्हतं. आतून मात्र खोकला ऐकू आला. एकदा, मग लागोपाठ चारदा.

४

राघो भगीरथच्या अंगणापुढच्या चिंचेखाली बसले आणि त्यांनी पेट्या दुरुस्त करणाऱ्या सुनिलला फोन लावला. हा आसनगावचा मुलगा. शनिवारी पाड्यावर येऊन त्यानं नव्या पट्ट्या वाटल्या होत्या.

"सर, माझ्यावर नका टाकू हां," सुनिल फोनवरच तापला. "पॅकेट एकच होतं. बत्तीस घरांना त्याच पॅकेटातल्या पट्ट्या दिल्या. खराब असत्या तर बत्तीस लाल झाले असते ना? अकराच कशे?"

"बरोबर आहे."

"बरोबर आहे म्हणता आणि फोन करता! माझा जॉब जाईल, सर. सोमवारी मी कल्याणला होतो, पास दाखवतो, पायजे तर."

फोन बंद झाला. राघोंनी मनाशी जुळवाजुळव केली. पट्ट्या खराब नाहीत. रखमी इथं नव्हती, आणि पेट्या घरोघरच्या, वेळा वेगवेगळ्या. शहापुरात बसून त्या लाल करता येत नाहीत. हर्षितला लाल दिवे सोयीचे. पण तो किंवा त्याचा माणूस वरच्या आळीत पहाटे फिरला असता तर कुत्र्यांनी पाडा डोक्यावर घेतला असता.

म्हणजे जे झालं ते आतून झालं. 'पण तुझंच चुकत असेल तर?' त्यांच्या मनातला नेहमीचा आवाज म्हणाला. 'चुकीचं नाव लिहिलंस तर?' त्यांनी रखमीचं रजिस्टर उघडलं. गिचमिड अक्षरात प्रत्येक सोमवार. होळीनंतरच्या एका नोंदीवर त्यांचं बोट थांबलं:

'हिरी, सातवा महिना. दिवा लाल. डोहाळे, चिंच चोखली होती. चूळ भरून अर्ध्या तासानं दुसरी पट्टी. दिवा हिरवा.' शेजारी घरातल्या माणसाची सही.

राघोंनी रजिस्टर मिटलं. आंबट! एकतीस वर्षांत हे त्यांनीच किती पोरांना शिकवलं होतं. असल्या पट्टीवर लिंबू पिळा, ती डोळे मिटून लाल होते. म्हणून तर पट्टीआधी अर्धा तास तोंडात काही घालायचं नाही, असा नियम. आणि रखमी दारोदार उभी राहायची ती त्यासाठीच.

काठीचा आवाज आला. ठकी तांब्या घेऊन आली होती. "पी. तहानेला परत गेला तर आमचाच पाडा बदनाम." ती खाकरली. "घसा मेला अजून खवखवतोय."

"कशानं, आजी?"

"शेवळं खाल्ली नं. पयली शेवळं. रविवारी भगीरथ डोंगरातून भारा घेऊन आला. दोन वळवाच्या सरी पडल्या की वाघदेवाला दाखवायची आनि मंग खायची. आमच्या वरच्या आळीला त्यानं घरोघर वाटली."

राघो आटगावच्या पलीकडच्या खेड्यात वाढले होते. शेवळं त्यांना ठाऊक होती. पावसाच्या तोंडावर जमिनीतून वर येणारे ते जांभळट कोंब चविष्ट खरे, पण भलते खाजरे. काकडाचं आंबट घालून शिजवली नाहीत, तर घशात कुसळं शिरल्यासारखं होतं.

"मग काकडं घातली नव्हती भाजीत?"

"दिलीच नाय त्यानं सांजचा. म्हनला, अंधार झाला, झाडाव चढता नाय आलं. चिंच सरलेली. कुनी आमसूल घातलं, कुनी तसंच. रातभर समदी आळी खाकरत बसली." ती हसली, मग नवरा आठवून तिनं पदर डोक्यावर ओढला. "पहाटेच गेला बिचारा झाडाव. उजाडायच्या आत टोपलीभर काकडं घरोघर दिली. चोखा म्हनला, घसा सुटंल."

राघोंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्यांची आई बाजारात शेवळांची जुडी काकडांशिवाय दिसली, की विकणारीला सुनवायची. या डोंगरात जन्मलेला कुणीही माणूस शेवळं द्यायची आणि काकडं द्यायची नाहीत, असं करत नाही. विसरूनही नाही.

त्यांनी रजिस्टर पुन्हा उघडलं आणि होळीनंतरच्या नोंदीची सही वाचली.

'भगीरथ मंगळू आगिवले.'

५

दुपारी तीनच्या सुमाराला राघोंनी चिंचेखाली पेटी मांडली. कोयते, काठ्या, पोरंसोरं, सगळा पाडा लांबून कडं करून उभा राहिला.

"मी कुणाला दोष द्यायला आलेलो नाही," ते म्हणाले. ते लोकांपर्यंत पोचलंच नाही.

"मोठ्यानं बोल! बायकोशी बोलतोस का?" कुणीतरी ओरडलं.

"माझ्याकडं तीन पट्ट्या आहेत!" राघो एकदम मोठ्यानं म्हणाले. "पहिली माणसाला लावत नाही."

एका अंगणातलं काकड त्यांनी ठेचलं, वाटीतल्या पाण्यात पिळलं आणि पट्टी बुडवून पेटीत सरकवली. दहा मिनिटं कुणी हललं नाही. मग दिवा लागला.

लाल.

"काकडाला ताप आला!" एक पोर ओरडलं आणि सगळा पाडा हसायला लागला. पण ते हसणं बघता बघता फिरलं. "म्हंजे पेटी खोटी! खोटारडी पेटी! आनि आमचा म्हातारा हकनाक मेला!"

"थांबा. आजी, चूळ भरा. चांगली तीनदा."

अर्धा तास ठकीला काही खाऊ-पिऊ न देता बसवलं. दुसरी पट्टी तिच्या जिभेखाली. दिवा हिरवा.

"पेटी खोटी नाही," राघो म्हणाले. "सोमवारी या दहा घरांतली तोंडं आंबट होती. पेटीला आंबट आणि ताप यातला फरक कळत नाही. तो फरक करायला माणूस लागतो. रखमीताई ते काम करत होत्या. त्या दिवशी त्या नव्हत्या."

मग मागून एका बाईनं विचारलं, "दहा कशे? अकरा घरं ना?"

राघो या प्रश्नाचीच वाट बघत होते आणि त्यालाच घाबरत होते. त्यांनी ठकीकडं पाहिलं. "आजी, हिरीनं रविवारी शेवळं खाल्ली?"

"काय बोलतो! बाळंतिणीला शेवळं? पोराला बाधतील. आनि काकडं तर बोटभर पन नाय, आंबटानं दूध फाटतं. तिला पेज आनि सुंठ."

"पहाटे काकड चोखलं?"

"तिच्या हाताला नाय लागू दिलं. मीच तर बसलेली उशाशी. न्हायली, मंग पावणेआठला पट्टी..."

म्हातारीचं वाक्य तिथंच तुटलं. तिला कळलं होतं. घराच्या कुडापलीकडून खोकल्याची उबळ आली, लांब, कोरडी, आणि तिच्या शेवटी श्वास ओढल्याची शीळ.

भगीरथ कोयता घेऊन दारात आडवा उभा राहिला होता.

६

"आत नाय जायचा," तो म्हणाला. "शेगडीचा धूर लागलाय तिला. पेटी खोटी हाय. तूच आता सगळ्यांसमोर दावलंस."

"बाकीच्यांनी लांब थांबा," राघो मागं वळून म्हणाले, आणि नवल म्हणजे लोक थांबले. मग ते भगीरथच्या इतक्या जवळ गेले की कोयत्याचं पातं त्यांच्या सदऱ्याला लागलं. आयुष्यात ते कुणाच्या इतके जवळ जाऊन बोलले नव्हते.

"हे तुला एकट्याला सांगतो," ते हळू आवाजात म्हणाले. "रविवारी तू शेवळं वाटलीस आणि काकडं ठेवून दिलीस. अंधाराचं सांगितलंस, पण भारा घेऊन तू दिवसाउजेडी आला असशील, राईजवळ काकडाचं झाड वाटेतच आहे. मी येताना बघितलं. आंबटानं दिवा लाल होतो, हे पाड्यात तिघांनाच माहीत होतं. रखमी किन्हवलीला होती. हिरी उशाला सासू घेऊन पडली होती. तिसरा तू. रखमीच्या रजिस्टरात, चिंचेच्या नोंदीवर तुझी सही आहे."

भगीरथचा चेहरा हलला नाही. फक्त कोयत्याची मूठ धरलेली बोटं पांढरी पडली.

"गेल्या साली एक दिवा लाल झाला," तो म्हणाला. "एक. खरा होता. त्यांनी पंधरा दिस बांबू लावला. करवंदं सडली, आंबं सडलं, इहिरीवर पानी भरू दिलं नाय. माझी पयली पोर त्याच पंधरा दिसांत गेली. तापानं नाय, जुलाबानं. तवा कुनाचा दिवा नाय लागला." त्यानं मागं दाराकडं पाहिलं. "मला नुसतं दावायचं होतं का पेटी खोटी बोलते. दहा घरं लाल, आनि आजारी कुनीच नाय. मंग नेतील म्हनलं पेट्या. दोन दिसांची गोष्ट. बाप... बापाला साप चावंल हे मला काय म्हाईत?"

"नव्हतंच माहीत."

"आनि हिरीचा दिवा लाल झाला, तवा मी म्हनलं, हिनं पन चोरून चोखलं. मी समदी खोटी केली, मंग हिची एकटीची खरी कशी?"

"म्हणूनच तिसरी पट्टी ठेवलीय," राघो म्हणाले. "माझं चुकलं असेल, तर हिरवा लागेल. मी तुझे पाय धरून माफी मागेन आणि निघून जाईन. पण आज पाचवा दिवस आहे, भगीरथ."

आत पुन्हा उबळ आली, आणि तिच्यात मिसळून तान्ह्याचं रडणं. भगीरथनं कोयता कुडाला टेकवला आणि बाजूला झाला.

आत अंधारात, शेगडीच्या उबेला, हिरी भिंतीला टेकून बसली होती. ओठ निळसर. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मग पट्टीकडं. "मी काय नाय खाल्लेला," ती पुटपुटली. "तुमाला सोमवारीच सांगत होते."

चूळ. अर्धा तास. तो अर्धा तास भगीरथ उंबऱ्यावर पाठ करून बसला होता. त्याच्या ओठांची हालचाल राघोंना दिसली. तो 'हिरवा, हिरवा' म्हणत होता.

दिवा लाल लागला.

७

साडेचारला झोळी पाड्यातून निघाली. मंगळूला ज्या काठीला बांधून नेलं होतं, तीच काठी. पुढं भगीरथ. मागच्या टोकाला कुणी खांदा द्यायला पुढं येईना. मघाशी हसणारे गडी आता दोन पावलं मागं सरकत होते. शेवटी राघोंनी तोंडाला रुमाल बांधला आणि काठी खांद्यावर घेतली. ठकी तान्ह्याला पदराखाली घेऊन मागून.

खिशात फोन वाजत होता. साहेब असणार. त्यांना दोन ओळी हव्या होत्या.

मोरीवर रखमी उठून उभी राहिली. बांबूपलीकडं पारावरची माणसंही उठली. त्या पलीकडं राघोंनी बोलावलेली गाडी दार उघडून उभी होती.

"लाल का हिरवा?" हर्षितनं लांबूनच विचारलं.

"लाल," भगीरथ म्हणाला. "ह्या वेळी खरा."

"मग तिथंच थांबवा! गाडीवाले येतील पलीकडं, कपडे-बिपडे घालून..."

"दीड तास?" भगीरथनं विचारलं. आवाज चढला नव्हता. "माझा बाप इथं टेकला होता. हितं. तुमी दहा जन मोजत होता, मेला का नाय मेला. ऐका आता. सोमवारची दहा घरं मी लाल केली. मी काकडं चोखायला लावली. रखमीवहिनीनं काय केलं नाय. थुंकीवाल्यानं पन नाय. माझं नाव लिवा, पोलीस आना, काय करायचं ते करा. पन ही माझी बायको खरी आजारी हाय. आनि बांबू तुमचा हाय. तो मी नाय बांधला."

हर्षितनं रुमाल नाकाला लावला आणि मागं सरकला. त्याच्यामागं एकेक करत सगळेच सरकले, घरांच्या ओट्यांपर्यंत. वाट मोकळी झाली. पण बांबू होता तसाच आडवा राहिला. त्याला हात लावायला कुणी पुढं आलं नाही, आणि झोळी धरलेल्या दोघांचे हात गुंतलेले.

रखमी पुढं आली. भगीरथकडं तिनं पाहिलं नाही. कपाळावरची खोक त्याच्याच दगडाची होती की दुसऱ्या कुणाची, हे तिनं विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही. तिनं बांबूची दोरी दातांनी सोडवली, एक टोक खांद्यावर घेतलं आणि बांबू ओढत नेऊन मोरीखाली ढकलून दिला.

झोळी तिच्या बाजूनं जाताना तिनं वाकून हिरीच्या ओठांचा रंग बघितला, नाडी बघितली. मग राघोंच्या बरोबरीनं चालत तिनं विचारलं,

"दादा, पट्टीआधी चूळ भरून घेतली होती का तिला?"

"तीनदा."

"अर्धा तास थांबलात?"

"घड्याळ लावून."

"मग पुन्हा तपासायचं काय कारण नाय," रखमी म्हणाली, आणि गाडीचं दार धरायला पुढं धावली.